ऑक्साइड स्फटिकांचे पृष्ठभाग, क्ष-किरण आणि ‘थेट’ पाहण्याचा दावा : एक चिकित्सा

प्रस्तावना

इ. स. १९१२ मध्ये म्युनिक येथे माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठविण्यात आले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. त्याच वर्षी लॉरेन्स ब्रॅग यांनी त्या ठिपक्यांचा सोपा अर्थ लावला व पुढील वर्षी साध्या मिठाची अंतर्रचना उलगडली. तेव्हापासून ‘क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंची मांडणी दिसते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत इतके रुळले आहे की, त्यातील ‘दिसते’ या क्रियापदाकडे कोणाचेही लक्ष जात नाही. मीठ, हिरा किंवा क्वार्ट्झ यांच्या बाबतीत हे क्रियापद फारसे नडत नाही. तेथे एकच रचना कोट्यवधी वेळा पुनरावृत्त झालेली असते, मोजमापे विपुल असतात आणि उत्तर चुकले तर ते लवकर उघडकीस येते.

पृष्ठभागाची गोष्ट वेगळी आहे. स्फटिक जेथे संपतो तेथील एकदोन थरांतील अणू आपली मूळ जागा सोडून थोडे वर-खाली सरकतात. दोन स्फटिक एकमेकांस भिडतात त्या आंतरपृष्ठावरही असेच घडते. ही सरकण्याची अंतरे अँगस्ट्रॉमच्या दहाव्या भागाइतकी सूक्ष्म असतात. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) गेल्या चार दशकांत सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्याने ही अंतरे मोजण्याचे तंत्र विकसित झाले आणि त्यातून मिळालेली उत्तरे ‘थेट’, ‘प्रतिमान-निरपेक्ष’ अशा विशेषणांसह प्रसिद्ध होऊ लागली. ही विशेषणे ऑक्साइडांच्या संदर्भात कितपत टिकतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तंत्राचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना, या तंत्राने स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केल्याचे एक ठळक उदाहरण पुढे विस्ताराने घेतले आहे.

दंड आणि हरवलेली कला

अनंत पसरलेला स्फटिक कल्पिला तर त्याचे विवर्तन केवळ ठराविक बिंदूंतच एकवटते. हे ब्रॅगचे बिंदू होत. परंतु प्रत्यक्षातील स्फटिक कोठेतरी कापला गेलेला असतो. या कापले जाण्यामुळे प्रत्येक बिंदूपासून पृष्ठभागाला लंब दिशेने एक अतिशय मंद रेषा निघते व ती पुढच्या बिंदूला जाऊन मिळते. या रेषांना ‘क्रिस्टल ट्रंकेशन रॉड’ असे नाव आहे. पुढे त्यांना नुसते ‘दंड’ म्हटले आहे. इयान रॉबिन्सन यांनी १९८६ मध्ये या दंडांचा पृष्ठभागाच्या खडबडीतपणाशी असलेला संबंध स्पष्ट केला आणि पृष्ठभागाच्या अभ्यासाला एक भक्कम पाया मिळाला. दोन ब्रॅग बिंदूंच्या मध्यावर दंडाची तीव्रता मूळ बिंदूच्या मानाने लक्षावधी पटींनी क्षीण असते. पण नेमक्या याच ठिकाणी ती वरच्या एकदोन थरांविषयी सर्वाधिक बोलकी असते. सिंक्रोट्रॉनची गरज पडते ती यामुळे.

क्ष-किरण पदार्थाशी दुर्बलपणे आंतरक्रिया करतात, म्हणून बहुतांशी ते एकदाच विकिरित होतात. याचा लाभ असा की, अणूंच्या जागा ठाऊक असल्यास दंडावरील तीव्रतेचे गणित अगदी सरळ असते. उलट दिशेचा प्रवास मात्र सरळ नाही. शोधकाला मिळते ती तीव्रता. लहरीची कला, म्हणजे ती चढउताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर शोधकापर्यंत पोहोचली ही माहिती, मोजमापात नष्ट होते. कला हरवल्यामुळे तीव्रतेवरून अणूंच्या जागा थेट काढता येत नाहीत. म्हणून संशोधक आधी एक रचना कल्पितो, तिच्यावरून दंडांचे आलेख काढतो, ते मोजलेल्या आलेखांशी ताडून पाहतो आणि दोहोंतील तफावत किमान होईपर्यंत अणू सरकवत राहतो. शेवटी हाती येते ती ‘मोजमापाशी सुसंगत असलेली एक रचना’. ती एकमेव सुसंगत रचना आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. शोधनिबंधाच्या सारांशात हा भेद सहसा उरत नाही.

ऑक्सिजनचे अवघडपण

क्ष-किरणांचे विकिरण इलेक्ट्रॉनांमुळे होते. ज्या अणूत इलेक्ट्रॉन अधिक, तो अधिक ठळक. ऑक्सिजनमध्ये ८ इलेक्ट्रॉन, टायटॅनियममध्ये २२, स्ट्राँशियममध्ये ३८ आणि लँथॅनममध्ये ५७. एकेकट्या अणूचा विचार केल्यास ऑक्सिजनपासून येणारी तीव्रता टायटॅनियमच्या मानाने सुमारे साडेसात पटींनी, तर लँथॅनमच्या मानाने सुमारे पन्नास पटींनी कमी भरते. म्हणजे ज्या घटकामुळे ऑक्साइड हे ऑक्साइड ठरते, तोच घटक या तंत्राला सर्वात कमी दिसतो. रसायनशास्त्रज्ञाला मात्र पृष्ठभागावर नेमका तोच हवा असतो. कारण उत्प्रेरणात सहभागी होणारा, निघून जाऊन रिक्त जागा मागे ठेवणारा, पाण्याशी बंध जोडणारा अणू बहुधा ऑक्सिजनच असतो.

या विसंगतीचा उल्लेख विवर्तनाच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत येतो आणि जातो. ऑक्साइड पृष्ठभागांवरील वाङ्मय वाचताना ती सतत मनात ठेवली नाही, तर कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळत नाही. एकाच कोष्टकात टायटॅनियमचे स्थान आणि ऑक्सिजनचे स्थान शेजारी-शेजारी, सारख्याच टायपात छापलेले असते. दोघांची विश्वासार्हता मात्र सारखी नसते.

रुटाइलचा दशकभराचा वाद

टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या रूपाचा (११०) पृष्ठभाग हा ऑक्साइड पृष्ठभागांपैकी सर्वाधिक अभ्यासला गेलेला पृष्ठभाग होय. १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखविले. तेव्हापासून या पदार्थाचे आकर्षण वाढतच गेले. त्याच्या (११०) पृष्ठभागावर ऑक्सिजन अणूंच्या रांगा बाकीच्या पातळीपेक्षा वर उचललेल्या असतात. यातील प्रत्येक ऑक्सिजन दोन टायटॅनियम अणूंमध्ये पुलासारखा असतो, म्हणून त्यास ‘सेतू-ऑक्सिजन’ म्हणता येईल. दोन रांगांच्या मध्ये उघड्या पडलेल्या टायटॅनियमला सहाऐवजी पाचच शेजारी असतात. या पृष्ठभागावरील रासायनिक घडामोडींत सेतू-ऑक्सिजन आणि पाच-बंधी टायटॅनियम हे दोघे मुख्य पात्र आहेत.

१९९७ मध्ये चार्लटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण विवर्तनाने या पृष्ठभागाची रचना निश्चित केली. त्यांच्या निष्कर्षानुसार सेतू-ऑक्सिजन आपल्या मूळ जागेपासून ०.२७ अँगस्ट्रॉम खाली, म्हणजे स्फटिकाच्या दिशेने, सरकलेला होता, अनिश्चितता ±०.०८. टायटॅनियम-ऑक्सिजन बंधाची लांबी सुमारे १.९५ अँगस्ट्रॉम असताना हे सरकणे किरकोळ म्हणता येत नाही. त्याच सुमारास झालेली पुंजयांत्रिक गणिते मात्र सांगत होती की, सेतू-ऑक्सिजन जवळजवळ मूळ जागीच असावा. टायटॅनियमच्या जागांबाबत गणित आणि प्रयोग यांचे बऱ्यापैकी जुळत होते. अडत होते ते ऑक्सिजनपाशी.

यापुढे जे घडले ते चिकित्सेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. संशयाचा रोख प्रथम वळला तो गणिताकडे. गणितात धरलेले थर अपुरे आहेत काय, वापरलेले आसन्नीकरण सदोष आहे काय, याची कसून तपासणी झाली. सेतू-ऑक्सिजनचे कंपन मृदू व असममित असल्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याचे सरासरी स्थान वेगळे भासत असेल, असा एक चतुर खुलासाही पुढे आला. हा खुलासा कल्पक होता हे मान्यच केले पाहिजे. तथापि त्याच्या मुळाशी एक गृहीत होते : क्ष-किरणांनी मोजलेला आकडा हे ‘तथ्य’ आणि गणित हे ‘मत’. वस्तुतः प्रयोगाचा आकडाही एका जुळवणीतून आलेला होता आणि त्या जुळवणीत सर्वात क्षीण आवाज ऑक्सिजनचाच होता.

२००५ मध्ये लिंडसे व सहकाऱ्यांनी हाच पृष्ठभाग मंद-ऊर्जा इलेक्ट्रॉन विवर्तनाने तपासला. इलेक्ट्रॉन पदार्थाशी प्रबळपणे आंतरक्रिया करतात. वरच्या काही थरांपलीकडे ते जात नाहीत आणि ऑक्सिजन त्यांना ठळकपणे जाणवतो. त्यांचे गणित मात्र किचकट असते, कारण इलेक्ट्रॉन पुनःपुन्हा विकिरित होतो. या तंत्राने सेतू-ऑक्सिजन ०.१० अँगस्ट्रॉम वर सरकलेला आढळला, अनिश्चितता ±०.०५. केवळ मूल्यच नव्हे, तर दिशाच उलटली. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, काबाय्ये व सहकाऱ्यांनी अधिक विस्तृत मोजमापांच्या आधारे क्ष-किरण विवर्तन पुन्हा केले आणि त्यांनाही ०.१० अँगस्ट्रॉम वर, ±०.०४ असेच उत्तर मिळाले. दहा वर्षांचा वाद मिटला.

येथे अनिश्चिततेच्या आकड्याकडे जरा थांबून पाहणे अगत्याचे आहे. १९९७ चे मूल्य आणि २००७ चे मूल्य यांतील अंतर ०.३७ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे १९९७ मध्ये सांगितलेल्या अनिश्चिततेच्या चौपटीहून अधिक. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या नियमाने असा फरक जवळजवळ अशक्य ठरावा. मग ±०.०८ चा अर्थ काय? जुळवणीतून निघणारी अनिश्चितता एवढेच सांगते की, कल्पिलेले प्रतिमान बरोबर असेल आणि जुळवणी योग्य खोऱ्यात स्थिरावली असेल, तर अणूचे स्थान या मर्यादेत आहे. या दोन ‘तर’ची अनिश्चितता तिच्यात समाविष्ट नसते. प्रयोगशाळेच्या वहीत विद्यार्थी ‘अधिक-उणे’ लिहितो तेव्हा तो जे मनात धरतो, त्याहून ही गोष्ट अगदी निराळी आहे.

आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. १९९७, २००५ आणि २००७ या तिन्ही निबंधांच्या लेखकांत जेफ थॉर्नटन यांचे नाव आहे. ज्या गटातून आधीचे उत्तर आले त्याच वर्तुळातून त्याचे खंडनही आले. विज्ञानाच्या आत्मपरीक्षणाविषयी व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. येथे ते आकड्यांनिशी पाहावयास मिळते.

ज्यांना ‘प्रत्यक्ष पाहणे’ हाच अखेरचा पुरावा वाटतो, त्यांच्यासाठी याच पृष्ठभागाने आणखी एक धडा ठेवला आहे. क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास रुटाइल (११०) वर उजळ रांगा दिसतात. उंचावर असलेले सेतू-ऑक्सिजनच उजळ दिसत असणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात नेहमीच्या परिस्थितीत उजळ दिसतात ते खालच्या पातळीवरील टायटॅनियम अणू. कारण तो सूक्ष्मदर्शक उंचीबरोबरच इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या अवस्थाही टिपतो.

‘थेट’ या शब्दाची किंमत

कलेचा प्रश्न सोडविण्यासाठी याकोबी व सहकाऱ्यांनी एक प्रभावी पद्धत विकसित केली. ‘कोब्रा’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. आधारभूत स्फटिकाची रचना ठाऊक असल्याने त्याच्याकडून येणारी लहर संदर्भासारखी वापरायची आणि दंडावरील लगतच्या बिंदूंची तुलना करून अज्ञात भागाची कला काढायची, असे तिचे सूत्र आहे. गॅलियम आर्सेनाइडवरील गॅडोलिनियम ऑक्साइडच्या थराविषयीचा त्यांचा २००२ चा निबंध गाजला. त्याच्या शीर्षकातच ‘थेट निश्चिती’ असे शब्द आहेत.

पद्धत निःसंशय प्रभावी आहे. आरंभी कल्पिलेल्या रचनेवरील अवलंबन ती पुष्कळ कमी करते. परंतु तिलाही एक गृहीत लागते : दंडावर एका बिंदूपासून लगतच्या बिंदूकडे जाताना अज्ञात भागाचे योगदान हळूहळू बदलते. शिवाय जे चित्र मिळते ते प्रकाशलेल्या क्षेत्रातील असंख्य एकक कोष एकावर एक ठेवून काढलेल्या सरासरीचे असते. अशा चित्राला ‘थेट’ म्हणणे म्हणजे गावातील सर्वांच्या उंचीची सरासरी काढून तिला एखाद्या गावकऱ्याचे छायाचित्र म्हणण्यासारखे आहे.

याचा परिणाम काय होतो, हे लँथॅनम ॲल्युमिनेट व स्ट्राँशियम टायटॅनेट यांच्या आंतरपृष्ठावरून लक्षात येते. २००४ मध्ये ओटोमो व ह्वांग यांनी दाखविले की, हे दोन्ही पदार्थ विद्युतरोधक असूनही त्यांच्या आंतरपृष्ठावर अतिशय चपळ इलेक्ट्रॉनांचा पातळ वाहक थर तयार होतो. त्याचे एक स्पष्टीकरण विद्युतभाराच्या हिशेबावर आधारलेले आहे. लँथॅनम ॲल्युमिनेटचे थर आळीपाळीने धन व ऋण भारित असतात, स्ट्राँशियम टायटॅनेटचे नसतात. त्यामुळे वाढत जाणारा विभव टाळण्यासाठी दर एकक कोषामागे अर्धा इलेक्ट्रॉन आंतरपृष्ठाकडे यावा लागतो. २००६ मध्ये टील व सहकाऱ्यांनी वाहकता चौथ्या थरापासूनच सुरू होते हे दाखविले. या हिशेबाला ते पूरक होते. पण या साऱ्या मांडणीत आंतरपृष्ठ सुरीने कापल्यासारखे स्पष्ट धरलेले होते.

विल्मट व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिंक्रोट्रॉनवर दंड मोजून व कोब्राचा उपयोग करून असे दाखविले की, आंतरपृष्ठ स्पष्ट नसून सुमारे तीन थरांपर्यंत धन आयनांची सरमिसळ झालेली आहे. या निबंधाने वादाला योग्य वळण दिले. वाहकतेचा उगम भाराच्या हिशेबात शोधावा, ऑक्सिजनच्या रिक्त जागांत शोधावा, की स्ट्राँशियमच्या जागी शिरलेल्या लँथॅनममध्ये, हा प्रश्न त्यानंतर टाळता येणे शक्य नव्हते. मात्र केवळ इलेक्ट्रॉन-घनता पाहता, एका जागेवर अर्धे लँथॅनम व अर्धे स्ट्राँशियम आहे, की निम्म्या क्षेत्रात आंतरपृष्ठ एक पायरी वर आहे, हा भेद करणे कठीण असते; दोन्हींची सरासरी सारखीच येते. स्ट्राँशियमच्या शोषण-सीमेजवळ, १६.१ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, ऊर्जा बदलून मोजमाप केले तर त्या मूलद्रव्याचे विकिरण बदलते व ते वेगळे ओळखण्यास मदत होते. परंतु तसे मोजमाप वेळखाऊ असते आणि सिंक्रोट्रॉनवरील वेळ मोजूनमापून मिळतो.

२०११ मध्ये त्याच संस्थेतील पाउली व सहकाऱ्यांनी दोन ते पाच थरांच्या पातळ पटलांचा अभ्यास करून दाखविले की, धन आयन व ऑक्सिजन एकमेकांच्या सापेक्ष विरुद्ध दिशांना सरकतात आणि पटलाची जाडी वाढते तसे हे सरकणे कमी होते. चौथ्या थराचा उंबरठा त्यांनी यावरून स्पष्ट केला, म्हणजे भाराच्या हिशेबाला बळ दिले. सरमिसळीचा पुरावा आणि भाराच्या हिशेबाचा पुरावा हे दोन्ही एकाच तंत्रातून, जवळजवळ त्याच हातांतून आले. यात विरोध आहेच असे नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. पण ‘क्ष-किरणांनी आंतरपृष्ठाचे कोडे सोडविले’ असे एकवचनी विधान मात्र यातून करता येत नाही.

भारतातील संशोधकांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. इंदूर येथे २.५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. जपानमधील त्सुकुबा येथे कोलकात्याच्या साहा संस्थेच्या पुढाकाराने भारतीय किरणवाहिनी उभारली गेली. आकडे आता येथेही निर्माण होत आहेत. त्यांच्यासोबत मूळ तीव्रतांचे तक्ते आणि जुळवणीतील चलांची संख्या छापण्याचा आग्रह येथील परीक्षकांनी धरावयास हवा.

पाण्याखालचा पृष्ठभाग

क्ष-किरणांचे खरे सामर्थ्य निर्वातात नाही. इलेक्ट्रॉनांवर आधारलेल्या बहुतेक तंत्रांना निर्वात लागतो. क्ष-किरण पाण्याच्या पातळ थरातून किंवा वरच्या पटलातून सहज आरपार जातात. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या (०००१) पृष्ठभागाबाबत याचा उत्तम प्रत्यय आला. निर्वातात हा पृष्ठभाग ॲल्युमिनियमच्या थराने संपतो, असे १९९८ मध्ये क्ष-किरण विवर्तनाने आढळले होते. एंग व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ओलसर अवस्थेत तो तपासला तेव्हा तो ऑक्सिजनच्या थराने संपतो असे दिसले. निर्वातातील रचना घेऊन पाण्यातील रसायनाविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांना हा मोठाच इशारा होता.

परंतु जेथे क्ष-किरणांना प्रतिस्पर्धी नाही, तेथे त्यांना साक्षीदारही नसतो. रुटाइलच्या वादाचा निकाल लावण्यास मंद-ऊर्जा इलेक्ट्रॉन विवर्तन उपलब्ध होते. पाण्याखाली ते चालत नाही. २०१७ मध्ये हुसेन व सहकाऱ्यांनी (यातही थॉर्नटन होतेच) द्रव पाण्याच्या संपर्कातील रुटाइल (११०) ची रचना सुरंगन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विवर्तन यांनी निश्चित केली. पाच-बंधी टायटॅनियमवर हायड्रॉक्सिल गटांची सुव्यवस्थित रांग आणि त्यावर पाण्याच्या रेणूंचा दुसरा थर, असे त्यांचे चित्र होते. पुढच्याच वर्षी बालाय्का, उल्रिके डिबोल्ड व सहकाऱ्यांनी वेगळे चित्र मांडले. हवेत व द्रावणात रुटाइलवर तयार होणाऱ्या अशा सुव्यवस्थित रांगा कार्बोक्सिलिक आम्लांच्या असतात, असे त्यांनी सूक्ष्मदर्शक व वर्णपटविज्ञान यांच्या साहाय्याने दाखविले. ही आम्ले हवेत अब्जांश प्रमाणात असली तरी हा पृष्ठभाग त्यांना निवडून धरून ठेवतो.

दोन्ही चित्रांत पाच-बंधी टायटॅनियमच्या माथ्यावर येतो तो ऑक्सिजनच. फरक पडतो तो त्यापुढे काय जोडलेले आहे यात : एका चित्रात १ इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन, दुसऱ्यात ६ इलेक्ट्रॉनांचा कार्बन. २२ इलेक्ट्रॉनांच्या टायटॅनियमच्या पार्श्वभूमीवर, आणि वर पाण्याचा पडदा असताना, हा भेद दंडांवरील तीव्रतेतून निर्विवादपणे वाचता येणे अवघड होते. तो प्रश्न वर्णपटाला विचारावा लागला.